विहिरीतले हिरवट गोळे: वेव्हेलाइट की गिब्साइट?

प्रश्न थोडक्यात असा: जांबोटी रस्त्याच्या बाजूला शेतातली विहीर खोल करताना दगडाच्या भेगेत वाटाण्याएवढे हिरवट-पांढरे गोळे निघाले. फोडले की आत मधोमधून कडेपर्यंत सुया गेलेल्या दिसतात. मोबाईलवरच्या ॲपने ‘वेव्हेलाइट, दुर्मिळ फॉस्फेट खनिज’ असं उत्तर दिलं, एका खडेवाल्याने फिरोजा म्हणून सांगितलं. तर हे नक्की काय, कोणत्या वर्गातलं, त्याची किंमत काय? आणि वडिलांची शंका: फॉस्फेटच असेल तर दळून शेतात का घालू नये?

फोटो नीट बघितले. ॲपने अगदीच काहीतरी ठोकून दिलंय असं म्हणता येणार नाही. फोडलेल्या गोळ्याचा काप लिंबाच्या चकतीसारखा दिसतो, आणि वेव्हेलाइटची जगभर हीच ओळख आहे. पण ॲप फक्त रूप बघतं. फॉस्फेट असणं ही रूपाची गोष्ट नाही. दगडात फॉस्फरस आहे की नाही हे डोळ्याला, नखाला, चाकूला कशालाच कळत नाही, आणि तुमचा खरा प्रश्न तिथेच अडलाय. मी बरीच वर्षं खनिज-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत बेळगाव-चंदगड पट्ट्यातले नमुने तपासत आलोय. त्या सवयीने सांगतो, आपल्या भागात असा गोळा हातात आला की पहिला संशय मी गिब्साइटवर घेतो. फॉस्फेटचा नंबर त्यानंतर.

गिब्साइट म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरच्या बॉक्साइटमधलं मुख्य खनिज तेच. ज्यासाठी चंदगडच्या डोंगरांतून ट्रक भरून माल जायचा, ते हेच. बहुतेक वेळा ते मातीसारखं किंवा दाणेदार असतं, पण जांभ्याच्या पोकळीत पाणी झिरपत राहिलं की त्याचे गोलसर, फुगीर थर जमतात. ते फोडले की आतून तंतू दिसतात. रंग पांढरा, राखाडी, कधी हिरवट, लोखंडाचा डाग लागला तर तांबूस.

आता वेव्हेलाइट. यात तीन ॲल्युमिनियम, दोन फॉस्फेट, तीन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि पाण्याचे पाच रेणू असतात. हायड्रॉक्सिलच्या काही जागा फ्लोरिन घेऊ शकतो. म्हणजे गिब्साइटमध्येही ॲल्युमिनियम आणि पाणी, इथेही ॲल्युमिनियम आणि पाणी. फरक फक्त फॉस्फेटचा, आणि तो दिसत नाही. ही गफलत किती जुनी आहे बघा. हे खनिज इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात बार्नस्टेपलजवळ सापडलं, आणि तिथल्या विल्यम वेव्हेल या डॉक्टरांच्या नावावरून १८०५ साली त्याचं नाव पडलं. त्याच वर्षी हम्फ्री डेव्ही या नामवंत ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने त्याचं पृथक्करण केलं आणि निष्कर्ष छापला, की हा पदार्थ मुख्यतः ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) आणि पाणी यांचा आहे. फॉस्फरिक आम्ल त्याच्या हातून निसटलं, ते पुढच्या रसायनशास्त्रज्ञांना सापडलं. डेव्हीसारख्या माणसाला जिथे चकवा बसला, तिथे तुमच्या ॲपला काय दोष द्यायचा!

डेव्ही का चुकला असेल, हे ज्याने ओली रासायनिक चाचणी केलीय त्याला लगेच समजतं. द्रावणात ॲल्युमिनियम आणि फॉस्फेट एकत्र असले की अमोनिया घातल्यावर दोन्ही मिळून पांढरा चिकट साका बसतो, आणि तो दिसायला निव्वळ ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखाच असतो. वेगळं शोधल्याशिवाय फॉस्फेट हाती लागत नाही. शुद्ध वेव्हेलाइटचा हिशेब मांडला तर वजनाने सुमारे ३७ टक्के ॲल्युमिना, ३४.५ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड आणि २८.४ टक्के पाणी येतं. एक तृतीयांशाहून जास्त माल नजरेआड राहतो.

आता घरी काय करता येईल ते सांगतो. यातल्या कुठल्याही एका चाचणीवर निकाल लावू नका. यांचा उपयोग मुख्यतः काय नाही ते ठरवायला होतो.

आधी गोळा ज्या दगडात बसलाय तो दगड बघा. माझ्या मते गोळ्यापेक्षा तोच जास्त बोलतो, आणि नेमका तोच तुमच्या फोटोत कापला गेलाय. तुमचा खानापूर तालुका या बाबतीत मोठा गमतीचा आहे. जांबोटी-कणकुंबीकडे चढत गेलात तर काळवत्री दगड (बेसाल्ट) आणि त्यावर जांभा. नंदगड-लोंढ्याकडे उतरलात तर त्याहून कितीतरी जुने धारवाडी खडक: पापुद्रे सुटणारे शिस्ट, फिलाइट, लोखंड-मँगनीजचे पट्टे, गारगोटीच्या शिरा. तालुक्याबाहेर गोकाककडे वळलात तर आणखी तिसराच प्रकार, ज्यावरून धबधबा कोसळतो तो कलादगी गटाचा क्वार्टझाइट. वेव्हेलाइट सहसा ॲल्युमिनियमयुक्त, थोड्याच प्रमाणात रूपांतरित झालेल्या खडकांच्या भेगांत, चर्टच्या (गारेसारख्या घट्ट दगडाच्या) फटींत, तपकिरी लोहखनिजात किंवा फॉस्फेटच्या साठ्यांत नंतर पाझरलेल्या पाण्यातून तयार होतं. तेव्हा गोळे फिलाइट किंवा चर्टच्या भेगेत असतील तर ॲपचं म्हणणं मी गांभीर्याने घेईन. लाल, भोकाभोकाच्या जांभ्यात असतील तर गिब्साइट. काळ्या दगडाच्या पोकळीत असतील तर मग झिओलाइट किंवा प्रेहनाइट आधी तपासायचं. त्यांचेही सुयांचे झुबके आणि हिरवट गोळे होतात, आणि निपाणी-चिकोडीकडच्या विहिरींतून माझ्याकडे आलेले ‘हिरे-माणकं’ बहुतेक या घराण्यातले किंवा नुसती गारगोटी असायची.

काठिण्याबद्दल (१ ते १० च्या मोज पट्टीवर) पुस्तकं सांगतात: वेव्हेलाइट ३.५ ते ४, गिब्साइट २.५ ते ३.५. वाचायला सोपं वाटतं, पण हा आकडा सलग स्फटिकाचा असतो. तुमच्याकडे सुयांची जुडी आहे. त्यावर टोक ओढलं की ओरखडा उठायच्या आधी सुयाच मोडतात आणि खनिज आहे त्यापेक्षा मऊ वाटतं. त्यामुळे या दोघांत निवड करायला काठिण्य वापरू नका. दुसऱ्या कामाला मात्र ते चांगलं: पोलादी चाकूने अजिबात चरत नसेल तर प्रेहनाइट किंवा गारगोटीच्या जातीचं काहीतरी आहे, आणि वेव्हेलाइटचा विषय तिथेच संपतो. फिरोजासुद्धा ५ ते ६ काठिण्याचा असतो. त्याला तांबं लागतं, आणि तो जवळजवळ नेहमी सलग, मेणासारख्या पोताचा असतो, असे सुयांचे गोळे करून बसत नाही. खडेवाल्याचं म्हणणं माझ्यापुरतं तरी बाद.

विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड, हे घरी निघतं. शहापुरातल्या एखाद्या ओळखीच्या सराफाकडे बारीक काटा असतोच. मूळ दगड न चिकटलेला स्वच्छ तुकडा आधी हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोला. समजा हवेत ११.८ ग्रॅम आणि पाण्यात ६.८ ग्रॅम भरला, तर फरक ५ ग्रॅम, आणि ११.८ ला ५ ने भागलं की २.३६. हा झाला वेव्हेलाइटचा आकडा. पण गिब्साइट २.४ च्या आसपास येतो, आणि सुयांच्या फटीत अडकलेला हवेचा एक बुडबुडासुद्धा तेवढा फरक खाऊन टाकतो. म्हणजे इथेही तीच गत, जुळी भावंडं वेगळी होत नाहीत. २.८ च्या वर गेलात तर मात्र प्रेहनाइटची शक्यता पक्की होते, आणि २.३ च्या खाली आलात तर झिओलाइटची.

शेवटी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं तर कॅल्साइट किंवा ॲरॅगोनाइट, म्हणजे चुन्याच्या घरातलं. चुन्याच्या सुयाही अशाच पसरतात.

इथपर्यंत घरचं काम. यापुढची चाचणी जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात करून घ्या, कारण तिला नायट्रिक आम्ल लागतं आणि ते घरात आणायची वस्तू नाही. मोहरीच्या दाण्याएवढी पूड गरम नायट्रिक आम्लात विरघळवायची, थोडा वेळ लागतो, आणि त्यात अमोनियम मॉलिब्डेटचं द्रावण घालून कोमट ठेवायचं. फॉस्फेट असेल तर पिवळाधमक साका तळाला बसतो. बारावीला प्रॅक्टिकल केलेल्या कुणालाही ही चाचणी आठवेल. पण दगडावर करताना तीन ठिकाणी फसगत होते. एक, आर्सेनेटही असाच पिवळा साका देतं, मात्र त्याला जास्त उष्णता लागते, म्हणून उकळू द्यायचं नाही. दोन, विरघळलेल्या सिलिकामुळे द्रावण नुसतं पिवळं होतं, साका बसत नाही, त्या रंगाला भुलू नका. तिसरं खास तुमच्यासाठी: नमुना शेतातला आहे. वर्षानुवर्षं सुपर फॉस्फेट आणि डीएपी टाकलेल्या जमिनीची धूळ त्याला लागलेली असणार. शिवाय जांभ्यात मुळातच थोडा फॉस्फरस लोखंडाला धरून असतो. म्हणून तुकडा आधी स्वच्छ धुऊन घ्या, आणि शेजारच्या नुसत्या लाल दगडाच्या पुडीवर तीच चाचणी बरोबरीने करा. दोन्ही नळ्यांत सारखीच किंचित पिवळी झाक आली तर त्याचा अर्थ काही नाही. गोळ्याच्या नळीत दाट साका आणि दगडाच्या नळीत जवळजवळ काहीच नाही, असं झालं तर तुमच्याकडे खरोखर फॉस्फेट आहे.

एवढ्यानेसुद्धा ‘वेव्हेलाइट’ सिद्ध होत नाही, फक्त ‘फॉस्फेट’ सिद्ध होतं. कोणतं फॉस्फेट हा वर्गीकरणाचा प्रश्न, आणि तो तुम्ही विचारलाच आहे.

खनिजांची वर्गवारी रंगावर नाही, धातूवरही नाही, तर ऋणभारित गटावर, म्हणजे धातूला जोडलेल्या फॉस्फेटसारख्या भागावर होते. याचं कारण व्यवहारातलं आहे. एकाच धातूची खनिजं एकमेकांसारखी वागतीलच असं नाही, पण एकाच ऋणगटाची खनिजं रचनेने आणि जन्माने एकमेकांच्या जवळ असतात. ॲल्युमिनियमचंच बघा, माणिकातही तेच आणि बॉक्साइटमध्येही तेच. स्ट्रुंझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाच्या वर्गीकरण पद्धतीत आठवा वर्ग फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट यांचा. तिघं एकत्र, कारण फॉस्फरस, आर्सेनिक आणि व्हॅनेडियम हे तिन्ही चार ऑक्सिजनच्या मधोमध चौमुखी घर करून बसतात आणि एकमेकांच्या जागाही घेतात. मॉलिब्डेट चाचणीत आर्सेनेटने फसवायचं मूळसुद्धा हेच.

या वर्गात पुढे चार गोष्टी विचारतात. फॉस्फेटखेरीज हायड्रॉक्सिल, फ्लोरिन वगैरे जादा ऋणभार आहे का? रचनेत पाणी आहे का? धातूचे अणू लहान, मध्यम की मोठे? आणि जादा ऋणभाराचं फॉस्फेटशी प्रमाण किती? जादा ऋणभार आणि पाणी दोन्ही नसलेलं उदाहरण म्हणजे केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतलं मोनाझाइट. जादा ऋणभार आहे पण पाणी नाही, ते ॲपटाइट, ज्याचंच भावंड आपल्या दातांत आणि हाडांत आहे. पाणी आहे पण जादा ऋणभार नाही, ते व्हॅरिसाइट. दोन्ही आहेत, ते वेव्हेलाइट आणि फिरोजा. युरेनियमवाल्या फॉस्फेटांचा एक वेगळा उपवर्ग आहे. वेव्हेलाइटमध्ये धातू फक्त मध्यम आकाराचा, आणि दोन फॉस्फेटांमागे तीन हायड्रॉक्सिल, म्हणजे प्रमाण दीडपट. म्हणून त्याचा पत्ता ८.डीसी.५० असा लिहितात. ऋणभाराचं प्रमाण फिरोजात जास्त, दुप्पट असतं, त्यामुळे तो शेजारच्या खोलीत, ८.डीडी मध्ये. पत्ता वाचता आला की खनिजाचा अर्धा स्वभाव कळतो. आठच्या पुढचं पहिलं अक्षर ‘डी’ दिसलं, की तापवल्यावर हे पाणी सोडणार, हे मी नळी हातात न घेता सांगू शकतो.

वेव्हेलाइट आणि व्हॅरिसाइट यांची मात्र अशी गल्लत होऊ शकते, की मॉलिब्डेटने दोन्हीत साका येतो, तापवलं की दोन्ही पाणी सोडतात, आणि हिरवटपणाही दोघांत असतो. काठिण्य आणि विशिष्ट गुरुत्व व्हॅरिसाइटचं थोडं जास्त, ४.५ आणि २.५७ च्या आसपास, आणि सुयांचे गोळे करण्यापेक्षा तो सलग, कवचासारखा जमतो. खरा निकाल एक्स-रे डिफ्रॅक्शन देतं, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंच्या थरांमधली अंतरं मोजायची चाचणी. बोटाच्या पेरावर मावेल एवढी पूड पुरते. वेव्हेलाइटच्या आलेखात सुरुवातीलाच ८.७ आणि ८.४ ॲंगस्ट्रॉमच्या जवळ दोन ठळक उंचवटे दिसतात, गिब्साइटमध्ये ते नसतात, त्याचा मुख्य उंचवटा ४.८५ ला. इतका सरळ निकाल असताना रंग-चकाकीवर महिनोन्महिने वाद घालण्यात अर्थ नाही. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ किंवा कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, तुम्हाला दोन्ही जवळ. तिथे नमुना आणि दगडाचा तुकडा दोन्ही घेऊन जा. प्राध्यापक मंडळींना स्थानिक नमुन्यांत रस असतो, असा माझा अनुभव आहे.

काही प्रयोगशाळांत फक्त मूलद्रव्यं मोजणारं यंत्र असतं. त्याचा कागद आणून ‘ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस निघाला, म्हणजे वेव्हेलाइट’ असं कुणी म्हणालं तर थांबा. ती यंत्रं हायड्रोजन बघत नाहीत, म्हणजे पाणी आणि हायड्रॉक्सिल त्यांच्या नजरेतून सुटतं, आणि या खनिजांची अर्धी वर्गवारी पाण्यावरच उभी आहे. प्रकरण याहूनही बारीक होऊ शकतं. २०१५ साली फ्लोरवेव्हेलाइट हे स्वतंत्र खनिज म्हणून मान्य झालं. रचना तीच, फक्त हायड्रॉक्सिलची एक ठराविक जागा मुख्यतः फ्लोरिनने व्यापलेली. तोपर्यंत ते वेव्हेलाइटच्या नावाखालीच खपत होतं. तुम्हाला एवढ्या खोलात जायची गरज नाही. ‘वेव्हेलाइट गटातलं’ इथपर्यंत आलात तरी पुष्कळ.

किमतीबद्दल स्पष्टच सांगतो. वेव्हेलाइट रोज दिसत नाही हे खरं, पण ते जगात अनेक ठिकाणी मिळतं आणि अमेरिकेतल्या अर्कान्सासचे हिरवे, तारेदार नमुने संग्राहकांच्या बाजारात नेहमीचेच आहेत. रत्न म्हणून ते निरुपयोगी: मऊ, ठिसूळ, सुयांनी बनलेलं, पैलू पाडता येत नाहीत. किंमत असते ती दगडावर जसेच्या तसे बसलेल्या, न फुटलेल्या, नेमकं ठिकाण लिहून ठेवलेल्या नमुन्याला. सुटे गोळे पिशवीत खडखडत ठेवले तर त्यांचं काही येत नाही. तेव्हा आणखी फोडू नका, आणि पोकलेनवाल्याला सांगून त्या थराचा मलबा वेगळा टाकून घ्या. किती फुटांवर लागलं, भेग आडवी होती की उभी, तेही लिहून ठेवा.

आता वडिलांची शंका, जी मला सगळ्यांत आवडली. उत्तर नाही असं आहे. ‘फॉस्फेट’ म्हटलं की पिकाला मिळणारं फॉस्फेट असं होत नाही. उदयपूरजवळ झामरकोटड्याला रॉक फॉस्फेट निघतं ते कॅल्शियमचं, आणि तेसुद्धा सल्फ्युरिक आम्लाने फोडल्यावरच सिंगल सुपर फॉस्फेट होतं. आम्लधर्मी जमिनीत कच्ची पूड हळूहळू थोडीफार लागू पडते, एवढंच. वेव्हेलाइट ॲल्युमिनियमचं फॉस्फेट आहे, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. उलट खानापूरच्या लाल, आम्ल जमिनीत तुम्ही घातलेलं चांगलं विद्राव्य फॉस्फेटसुद्धा लोखंड आणि ॲल्युमिनियम पकडून ठेवतात आणि बरंचसं अशाच न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. पीक पिवळं पडलं म्हणून आणखी एक पोतं टाकायच्या आधी मातीचा सामू तपासून घ्या. तो फार खाली असेल तर चुना घालणं, आणि खत फोकून न देता ओळीत, शेणखताबरोबर मुळाजवळ देणं, यात पैसे जास्त सत्कारणी लागतील. विहिरीतली खनिजाची पूड घालून त्या जमिनीला आणखी ॲल्युमिनियम फॉस्फेटच मिळेल, आणि ते तिच्याकडे आधीच आहे.

विहिरीच्या पाण्याची काळजी या गोळ्यांमुळे करायचं कारण नाही, न विरघळण्याचा तेवढा फायदा. कॉलेजातून मॉलिब्डेटचा निकाल आला की दोन्ही नळ्यांचा शेजारी शेजारी ठेवलेला फोटो टाका, आणि या वेळी मूळ दगड पूर्ण दिसेल असा काढा.